श्रोत्यांमधल्या माईकला परवानगी द्या

मोठ्या पॉप कॉन्सर्टच्या तिकिटावर बारीक अक्षरात एक अट हमखास छापलेली असते: रेकॉर्डिंगची व्यावसायिक साधनं आत आणायला मनाई. ती अट मान्य करून आत गेलेल्या हजारो माणसांच्या खिशात फोन असतो, आणि लोकप्रिय गाण्याचे पहिले सूर वाजले की निम्म्या सभागृहाचे हात वर जातात. म्हणजे रेकॉर्डिंगला मनाई नाहीच. मनाई आहे ती नीट केलेल्या रेकॉर्डिंगला. दोन चांगले माईक आणि एक छोटा रेकॉर्डर घेऊन, एका जागी गप्प उभं राहून पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत कार्यक्रम टिपू पाहणारा माणूस दारात अडवला जातो. फाटलेल्या बेसचे मिनिटभराचे तुकडे टिपणाऱ्या बाकीच्यांना कोणी हटकत नाही. दुसऱ्या दिवशी त्या रात्रीचे शेकडो तुकडे सापडतात, अख्खा कार्यक्रम कुठेच सापडत नाही.

हा नियम बदलला पाहिजे. श्रोत्याने स्वतःच्या साधनांवर केलेल्या, पूर्ण लांबीच्या आणि विक्रीसाठी नसलेल्या ध्वनिमुद्रणाला कलाकारांनी आणि आयोजकांनी उघड परवानगी द्यावी, स्पष्ट अटी घालून द्यावी. मागणी सगळ्याच संगीतासाठी आहे, पण लोकप्रिय पॉप जोडीच्या बाबतीत ती मला सर्वांत निकडीची वाटते.

जोडीचं संगीत स्टुडिओत एक असतं आणि मंचावर दुसरंच. स्टुडिओत दोन माणसं आपलेच आवाज तीन-चार वेळा एकमेकांवर चढवतात, वाद्यांचे थर रचतात, न जमलेली ओळ पुन्हा गातात. मंचावर गळे दोनच. वरचा सूर कोण धरतो, खालचा सांभाळणारा कुठे माघार घेतो, दोघांचा श्वास एकत्र सुटतो की एक जण किंचित आधी शब्द टाकतो, वय वाढल्यावर गाणं किती खाली आणलं, दोघांत अबोला असताना ओळी कशा वाटून घेतल्या, हे सगळं तिथेच ऐकू येतं. आणि एका रात्रीवरून नाही, तर एका दौऱ्याच्या अनेक रात्री ओळीने ऐकल्यावर उलगडतं. अधिकृत लाइव्ह अल्बम एका रात्रीचा असतो, किंवा चार रात्रींतली बरी गाणी निवडून जोडलेला. तसा तो असायला काहीच हरकत नाही. पण निवड आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सायमन आणि गारफंकल यांचं उदाहरण घ्या. ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ हे गाणं जानेवारी १९७० मध्ये बाजारात आलं. त्याआधी, १९६९ च्या शरद ऋतूतल्या दौऱ्यात, ते अशा श्रोत्यांसमोर गायलं गेलं ज्यांनी ते कधीच ऐकलेलं नव्हतं. आज ज्या गाण्याच्या पहिल्या पियानो-स्वरालाच टाळ्या पडतात, ते गाणं अनोळखी असताना सभागृहात काय घडलं, हा संगीताच्या इतिहासातला मोलाचा पुरावा आहे. त्या दौऱ्याचा अधिकृत अल्बम प्रसिद्ध झाला २००८ मध्ये. सुमारे चार दशकं गेली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला १९ सप्टेंबर १९८१ चा त्यांचा कार्यक्रम तर पाच लाख लोकांसमोर झाल्याचं सांगितलं जातं, आणि त्याचा अल्बम पुढच्याच वर्षी आला. पण त्या अल्बममध्ये पॉल सायमनचं त्या वेळी नवं असलेलं एक गाणं नाही. त्या गाण्याच्या दरम्यान एक माणूस धावत मंचावर आला होता. चित्रफितीत तो प्रसंग आहे, तबकडीवर गाणंच नाही. काय ठेवायचं आणि काय वगळायचं हा कलाकाराचा अधिकार, तो मला मान्य आहे. मात्र फक्त तबकडी ऐकणाऱ्याला त्या संध्याकाळचा क्रम समजत नाही, हेही तितकंच खरं.

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्यांचा ‘अलाइव्ह १९९७’ हा अल्बम बर्मिंगहॅममधल्या ८ नोव्हेंबर १९९७ च्या कार्यक्रमाचा. तो २००१ मध्ये निघाला आणि त्यात त्या रात्रीचा जेमतेम ४५ मिनिटांचा भाग आहे. ज्या पिरॅमिडच्या मंचामुळे त्यांचा पुढचा दौरा गाजला तो पहिल्यांदा दिसला कोचेला महोत्सवात, २९ एप्रिल २००६ रोजी. अधिकृत अल्बम मात्र पॅरिसमधल्या १४ जून २००७ च्या कार्यक्रमाचा आहे. मधल्या तेरा-चौदा महिन्यांत गाण्यांची गुंफण कशी बदलत गेली, हे ज्याला अभ्यासायचं आहे त्याला श्रोत्यांनी टिपलेल्या आवाजाकडेच वळावं लागतं. त्या जोडीला स्वतःलाही हे कळलेलं होतं. ब्रुकलिनमधल्या ऑगस्ट २००७ च्या कार्यक्रमात २५० कॅमेरे श्रोत्यांच्या हाती देऊन त्यातून एका गाण्याचा अधिकृत व्हिडिओ रचला गेला. दौऱ्याची डीव्हीडी त्यांनी काढलीच नाही. चाहत्यांच्या हजारो क्लिप्स आपल्याला कुठल्याही डीव्हीडीपेक्षा बऱ्या वाटतात, अशी जोडीतल्या तोमा बांगाल्टेरची भूमिका होती. भूमिका उदार आहे. पण क्लिप्स चित्राची भूक भागवतात. आवाजासाठी सलग, एका जागेवरून, एकाच लेव्हलने केलेलं रेकॉर्डिंग लागतं, आणि ते फोनवर होत नाही.

का होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बंदीचा सगळा घोळ तिथेच आहे. मोठ्या कार्यक्रमात मिक्सरजवळ, म्हणजे जिथे ध्वनी अभियंता सगळे आवाज एकत्र करतो त्या टेबलाजवळ, सरासरी पातळी १०० डेसिबलच्या आसपास असते आणि ड्रमच्या ठोक्याची टोकं त्याहून पंधरा-वीस डेसिबल वर जातात. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो. एवढ्या दाबाखाली तो आपल्या मर्यादेला टेकतो आणि लाटेचा माथा सपाट होतो. तो सपाटपणा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. त्यात फोनचं स्वयंचलित गेन नियंत्रण. ठोका पडला की ते आवाज खाली ओढतं, ठोका सरला की वर आणतं. दोन आवाजांच्या गाण्यात याचा परिणाम वाईट होतो: मोठ्या आवाजाचा गायक तान घेतो तेव्हा दुसऱ्याचा आधारसूर मागे ढकलला जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दुसरा गातच नव्हता. हात वर धरल्याने बोटांची घसट येते, शेजारचा किंचाळतो, आणि व्हिडिओची फाइल छोटी करताना आवाज आणखी दाबला जातो.

नीट काम करायचं तर पहिला निर्णय जागेचा. माईक कितीही महागडा असो, चुकीच्या जागी तो चुकीचंच टिपतो. मिक्सरच्या टेबलाच्या थोडं पुढे, सभागृहाच्या मध्यरेषेजवळ ही सर्वांत भरवशाची जागा, कारण ध्वनी अभियंता त्याच जागेवरून ऐकत मिक्स करत असतो. अगदी मध्यरेषेवर मात्र डाव्या-उजव्या सबवूफरचा, म्हणजे खालच्या सुरांच्या स्पीकरचा, बेस एकमेकांत मिळून फुगतो. दोन-तीन पावलं बाजूला सरकलं तर तो आटोक्यात येतो आणि स्टीरिओचा तोलही फारसा जात नाही. सज्जाखाली उभं राहू नये, तिथे तीव्र सूर पोचत नाहीत आणि खालचे घुमत राहतात. मागच्या भिंतीला टेकणं तर सर्वांत वाईट. माईक भिंतीपासून १७ सेंटीमीटरवर असेल तर परावर्तित आवाज ३४ सेंटीमीटर जास्त चालून सुमारे एक मिलिसेकंद उशिरा येतो आणि ५०० हर्ट्‌झला खड्डा पाडतो, मग १५०० ला, मग २५०० ला. माणसाच्या गळ्याचा गाभा नेमका तिथेच असतो. स्पीकरपासून ३० मीटर लांब गेलं की आवाज यायला ८७ मिलिसेकंद लागतात. उशीर स्वतः नडत नाही. नडतं ते हे की तेवढ्या अंतरावर थेट आवाजापेक्षा सभागृहाचा घुमारा जास्त भरतो.

दुसरा निर्णय उंचीचा, आणि इथे परवानगीचा प्रश्न थेट येतो. माईक खांद्याच्या उंचीवर असेल तर पुढच्या रांगेतली डोकी तीव्र सूर गिळून टाकतात. स्टँड सव्वादोन-अडीच मीटर उंच केला की शब्द स्वच्छ येतात. पण उंच स्टँड लपवता येत नाही आणि तो मागच्यांच्या नजरेच्या आड येतो. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने ऑक्टोबर १९८४ पासून टेपर, म्हणजे कार्यक्रम टिपणाऱ्या, लोकांसाठी वेगळी तिकिटं आणि वेगळी जागा ठेवली ती मिक्सरच्या मागे, याच कारणाने. स्टँडचं जंगल एका ठिकाणी आलं, बाकी श्रोत्यांचा मंच मोकळा झाला. बंदी असते तिथे माईक टोपीत, कॉलरमध्ये, चष्म्याच्या काडीला जातो, मान वळली की अख्खं स्टीरिओ चित्र फिरतं, आणि कापडाची सळसळ दोन तास सोबत करते.

माईक कुठला, यावर टेपर लोकांत कायम वाद असतो. माझं मत असं: घुमणाऱ्या सभागृहात पुढच्या बाजूने ऐकणारे कार्डिऑइड, १७ सेंटीमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात, म्हणजे ज्याला ओआरटीएफ मांडणी म्हणतात ती. मोकळ्या मैदानात सर्व दिशांनी ऐकणारे ऑम्नी, कारण त्यांचा बेस खरा असतो आणि वाऱ्याला ते कमी घाबरतात. तरीही फर किंवा फोमचं आच्छादन हवंच. ऑम्नीची खोड अशी की शेजाऱ्याची टाळी गायकापेक्षा मोठी येते. एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. जोडीतला एक गायक डावीकडे आणि एक उजवीकडे उभा आहे म्हणून रेकॉर्डिंगमध्येही ते तसेच येतील, असं नाही. बहुतेक सभागृहांत दोघांचे आवाज दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून सारखेच सोडतात. श्रोत्याच्या रेकॉर्डिंगमधला डावा-उजवा विस्तार हा सभागृहाचा आणि गर्दीचा असतो. गायक मध्येच ऐकू येतात आणि ते बरोबरच आहे.

सर्वांत जास्त रेकॉर्डिंग्ज बिघडतात लेव्हलमध्ये, आणि बिघाडाचं खरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. छोट्या रेकॉर्डरच्या माईक-इनवरचा प्रीअँप, म्हणजे माईकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, आधी येतो, लेव्हलचं बटण नंतर. आलेला सिग्नल प्रीअँपलाच झेपला नाही तर बटण कितीही खाली करा, फाटलेला आवाज फक्त हळू होतो. पडद्यावर टोकं उणे आठ डेसिबलवर दिसतात, सगळं सुरक्षित वाटतं, आणि घरी फाइल उघडली की प्रत्येक लाट वरून कापलेली. उपाय साधा आहे: छोट्या इलेक्ट्रेट माईकना ९ व्होल्टच्या बॅटरी बॉक्समधून वीज द्यायची, रेकॉर्डरच्या दोन-तीन व्होल्टांवर अवलंबून राहायचं नाही, आणि वायर लाइन-इनला, म्हणजे माईकचा प्रीअँप टाळणाऱ्या खाचेला, लावायची. खूप मोठे-लहान आवाज एकाच वेळी सामावून घेणारा ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर असला तरी हा नियम सुटत नाही. आधीच फाटून आलेला आवाज ते तंत्र सांधू शकत नाही. २४ बिटमध्ये टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत. कमी वाटलं तरी तोटा काहीच नाही, कारण भरलेल्या सभागृहाची कुजबुजच ५५-६० डेसिबल असते. रेकॉर्डरचा स्वतःचा खरखराट तिच्या खाली केव्हाच बुडालेला असतो. सुरुवातीच्या छोट्या कलाकाराच्या वेळी लेव्हल लावून निश्चिंत होऊ नये, मुख्य जोडी आली की पातळी चांगलीच वाढते. एकदा लावलेली लेव्हल गाण्याच्या मध्ये बदलू नये.

मग बारीकसारीक. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टीरिओ म्हणजे तासाला साधारण एक जीबी. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर ४ जीबीची आणि काही रेकॉर्डरांत २ जीबीची मर्यादा असते. तिथे फाइल तुटते तेव्हा काही यंत्रं क्षणभर थांबतात, ते आधी घरी तपासून घ्यावं. रेकॉर्ड चालू केल्यावर बाकीची बटणं बंद ठेवणारं होल्डचं बटण सरकवावं. बॅटरी मध्येच संपली तर फाइलच्या डोक्याची माहिती लिहायची राहते आणि फाइल शून्य लांबीची दिसते. ती पुसू नये. आतला आवाज बहुधा शाबूत असतो. ऑडिओ संपादकात कच्चा डेटा म्हणून, योग्य बिट आणि सॅम्पल दर सांगून उघडला की बाहेर येतो. दोन रेकॉर्डरांवरचं काम एकत्र करायचं असेल तर घड्याळांतला फरक मोजावा लागतो: दहा लाखांत वीस भागांचा फरकही तासाला ७२ मिलिसेकंद होतो, आणि कार्यक्रमाच्या उत्तरार्धात प्रत्येक शब्दाला सावली पडते.

‘थेट मिक्सरवरून घेतलेलं असेल तर ऐकू, नाहीतर नको,’ असं म्हणणारे श्रोते पुष्कळ आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. मिक्सरमधून जातं ते सभागृहाला कमी पडणारं. लहान सभागृहात गिटारचे अँप्लिफायर आणि ड्रम मंचावरूनच मोठे ऐकू येतात, म्हणून अभियंता ते मिक्समध्ये थोडेच टाकतो. त्या मिक्सची प्रत ऐकली तर गायक नाकासमोर उभे आणि वाद्यं पलीकडच्या खोलीत. इलेक्ट्रॉनिक जोडीच्या बाबतीत सगळं मिक्सरमधूनच जातं, तरी तिथे श्रोता नाही. आणि जिथे श्रोता नाही ती रात्र अर्धीच नोंदली गेली. दोन्ही मिळाली तर उत्तमच. पण एकच मिळणार असेल तर नीट उभ्या केलेल्या दोन माईकांची मला जास्त खात्री वाटते.

रेकॉर्डिंग झाल्यावर खरी शिस्त सुरू होते. मूळ फाइल कधीच बदलायची नाही. संपादन प्रतीवर, आणि तेही थोडं: फुगलेला बेस उतरवणं, एखादी कानाजवळची टाळी बुजवणं, गाणी वेगळी करणं. खरखर काढणारी सॉफ्टवेअर टाळावीत; ती टाळ्यांचं पाणी करतात. प्रत एफएलएसीमध्ये, म्हणजे काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत, ठेवावी, एमपी३ मध्ये नाही, कारण एमपी३ ची पुन्हा एमपी३ झाली की प्रत्येक पिढीत काहीतरी कायमचं जातं. सोबत एक साधी मजकूर-फाइल: तारीख, सभागृह, माईक, मांडणी, जागा, रेकॉर्डर, सेटिंग, काय संपादन केलं, कुठलं गाणं अर्धवट आहे आणि का. आणि चेकसम, म्हणजे फाइलमधून काढलेला ओळख-आकडा, ज्यामुळे वीस वर्षांनी हाती आलेली प्रत तीच आहे का हे पडताळता येईल.

ही माहिती नसेल तर कसली गडबड होते, त्याचा एक नमुना. कॅसेटच्या काळातल्या रेकॉर्डिंगवरून ‘त्या दौऱ्यात जोडीने गाणं खालच्या पट्टीत आणलं’ असं ठामपणे लिहिलं जातं. कॅसेट प्लेअरचा वेग तीन टक्क्यांनी चुकला तर सूर अर्ध्या सेमीटोनने सरकतो. दोन-तीन पिढ्यांच्या प्रतींत चुका साठल्या तर पूर्ण सेमीटोन. आवाजही जाड होतो आणि गायक थकलेला वाटतो. पडताळायचा मार्ग आहे. अमेरिकेतल्या कार्यक्रमात विजेच्या तारांची गुणगुण ६० हर्ट्‌झला असते. ती वर्णपटात ५८.२ वर दिसली तर टेप तीन टक्के हळू चालली आहे, गायक निर्दोष आहे. मात्र हे मूळ टेपपासूनच करावं लागतं, कारण प्रतींवर प्रत्येक प्लेअरने आपापली गुणगुण टाकलेली असते. कुठली प्रत कशावरून केली ही वंशावळ लिहून ठेवायचा आग्रह त्यासाठीच.

आता आक्षेप. पहिला कायद्याचा, आणि तो खरा आहे. आपला कार्यक्रम परवानगीशिवाय मुद्रित होण्यापासून रोखण्याचा अधिकार कलाकाराला १९६१ च्या रोम करारापासून आंतरराष्ट्रीय पातळीवर आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात तो कलम १४ मध्ये आला आणि किमान ५० वर्षांचा झाला. अमेरिकेने १९९४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र तरतूद केली. मी हा अधिकार काढून घ्या असं म्हणत नाही. अधिकार ज्याचा आहे त्यानेच परवानगी द्यावी, एवढंच मागणं आहे. परवानगी नसेल तिथे माईक नेऊ नये, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणतो.

दुसरा आक्षेप विक्रीचा. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडच्या कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या कार्यक्रमाची श्रोत्यांतून केलेली टेप चोरट्या तबकडीवर विकली गेली, आणि तेव्हापासून कंपन्यांच्या मनात श्रोत्याचा माईक म्हणजे चोर हे समीकरण बसलं. चोरटी विक्री फोफावते ती टंचाईवर. जी वस्तू कायदेशीर आणि फुकट मिळते तिची काळ्या बाजारातली किंमत शून्य होते. ग्रेटफुल डेडच्या टेप चाहत्यांत मुक्तपणे फिरत असतानाच १९९३ पासून त्यांच्या जुन्या कार्यक्रमांची अधिकृत मालिका निघू लागली आणि ३६ खंडांपर्यंत गेली. फुकट टेप असतानाही लोकांनी ती विकत घेतली. इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहावर २००२ पासून परवानगी देणाऱ्या कलाकारांचे कार्यक्रम जमा होत आले आहेत. तिथे २००५ मध्ये ग्रेटफुल डेडच्या मिक्सरवरच्या टेप उतरवून घेणं (डाउनलोड करणं) बंद झालं, त्या फक्त ऐकता येतात. श्रोत्यांनी केलेल्या टेप मात्र उतरवून घेता येतात. मिक्सरचा आवाज कलाकाराचा माल, सभागृहातला आवाज सगळ्यांचा. मला ही विभागणी योग्य वाटते, आणि कोणत्याही जोडीला ती आज उचलता येईल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: वाईट रात्रीचा. घसा बसलेला, आजारातून उठलेला, किंवा शेजारी उभ्या जोडीदाराशी बोलणं बंद असलेला गायक. त्याची ती रात्र कायमची का राहावी? जोडीत हे दुप्पट दुखतं, कारण दोनच आवाज असल्यावर एकाची कमतरता झाकायला मागे कोणी नसतं. म्हणून परवानगीत मुदत हवी आणि माघारीचा हक्क हवा. रेकॉर्डिंग महिनाभर कुणालाही द्यायचं नाही. त्या काळात संपूर्ण प्रत कलाकाराच्या कार्यालयाकडे जाईल. त्यांनी एखादं गाणं किंवा अख्खी रात्र रोखून ठेवायला सांगितली तर ती फिरवायची नाही, मात्र नष्टही करायची नाही. नवं, अजून न निघालेलं गाणं असेल तर ते प्रसिद्ध होईपर्यंत थांबायचं. फोनवर टिपणाऱ्या हजारो अनोळखी लोकांकडून यातलं काहीही मिळवता येत नाही. नाव आणि तिकीट क्रमांक देऊन उभ्या असलेल्या चार टेपरांकडून सगळं मिळतं.

आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रांची भीती अलीकडे पुढे केली जाते. त्यासाठी स्टुडिओतला स्वच्छ आवाज जास्त सोयीचा, आणि तो बाजारात आधीच आहे. गर्दीत आणि घुमाऱ्यात भिजलेला आवाज त्या कामाला फारसा उपयोगी नाही. मंचावर आधीच मुद्रित केलेले ट्रॅक वाजतात हे उघड होईल, अशीही एक न बोललेली भीती असते. दोन माणसांनी वीस वाद्यांचं संगीत उभं करायचं तर ट्रॅक लागणारच. श्रोत्याला ते ठाऊक असतं आणि त्याबद्दल त्याची तक्रार नसते.

बंदीने काय गमावलं जातं याचा हिशेब आता समोर आहे. १९७० च्या दशकात माइक मिलार्ड हा टेपर लॉस एंजेलिसमध्ये चाकाच्या खुर्चीत रेकॉर्डर लपवून कार्यक्रम टिपायचा. पिंक फ्लॉइडच्या २६ एप्रिल १९७५ च्या कार्यक्रमाची त्याची टेप २०२५ मध्ये बँडच्या अधिकृत संचात, डागडुजी करून, प्रसिद्ध झाली. त्याआधी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायोनेल मॅपलसनने १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगांतून मेणाच्या नळकांड्यांवर तुकडे टिपले होते. त्या काळच्या काही गायकांचा मंचावरचा आवाज आज त्यातूनच ऐकता येतो. मिलार्डचं उदाहरण देऊन ‘म्हणून लपवून न्या’ असं सांगणारे चुकतात. त्याला मिक्सरजवळ स्टँड लावू दिला असता तर टेप आणखी चांगली झाली असती, आणि ती पन्नास वर्षं कपाटा-कपाटांतून प्रतींच्या प्रती होत फिरली नसती. रेडिओहेडच्या प्राग इथल्या ऑगस्ट २००९ च्या कार्यक्रमाचं चाहत्यांनी चित्रण केलं, बँडने त्यांना आपला अधिकृत आवाज दिला, आणि पूर्ण चित्रफीत फुकट उपलब्ध झाली. लपवाछपवी नाही, कोर्ट नाही.

प्रत्यक्षात परवानगी राबवणं कठीण नाही. मोठ्या सभागृहात आठ, लहानात दोन टेपर-तिकिटं, नेहमीच्याच दराने. जागा मिक्सरच्या लगत मागे किंवा बाजूला, स्टँडची उंची ठरलेली, पाय टेपने जमिनीला चिकटवलेले, बॅटरीवरच चालणारी साधनं, व्हिडिओ नाही, चमकणारा पडदा नाही. विक्री केली तर पुढची तिकिटं बंद. दारावरच्या सुरक्षारक्षकाकडे त्या आठ नावांची यादी हवी. परवानगी कार्यालयाने दिलेली असते आणि दारावर कोणाला माहीत नसते, या एका कारणाने बऱ्याच चांगल्या योजना बारगळतात.

याहून घाईचं काम जुन्या टेपांचं आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या लोकप्रिय जोड्यांच्या कार्यक्रमांच्या कॅसेट, डॅट (डिजिटल आवाजाच्या छोट्या टेप) आणि सीडी-आर (घरी मुद्रित करता येणाऱ्या सीडी) लोकांच्या कपाटांत आहेत, आणि त्यांचे मालक कायद्याच्या भीतीने गप्प आहेत. यातली डॅट सर्वांत आधी उतरवून घ्यायला हवी: सोनीने ती यंत्रं २००५ मध्ये बंद केली, चालू स्थितीतली कमी होत चालली आहेत, आणि डॅट बिघडली की आवाज खराब होत नाही, सरळ गायब होतो. नंतर सीडी-आर, कारण तिचा रंगद्रव्याचा थर विटत जातो. कॅसेट त्या मानाने चिवट. तिची दाबपट्टी गळून पडली तर फीत नव्या कवचात घालता येते, आणि हेडचा कोन त्या टेपपुरता जुळवून घेतला की झाकोळलेले तीव्र सूर परत येतात. जोडीच्या कार्यालयाने एक जाहीर पत्र काढावं: अमुक सालापर्यंतच्या टेपांची मूळ प्रत किंवा पूर्ण प्रतीची फाइल आमच्याकडे द्या, ज्याने केली त्याच्यावर कारवाई होणार नाही, आणि हवं असेल तर त्याचं नाव नोंदीत राहील.